न खाणारा साप आणि आमचं दुकान : लेस्टरमधली आमची वाटचाल

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये पाळीव सापांचं खाद्य आता बऱ्याच ठिकाणी मिळतं. पण साप तोंडच उघडत नाही म्हटल्यावर माणूस येतो तो आमच्याकडे. हा लौकिक आयता मिळालेला नाही.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, शिराळ्याची नागपंचमी बघत वाढलेला. इथे एका मित्राबरोबर भागीदारीत दुकान काढलं; हिशेब त्याचे, जनावरं माझी. सुरुवातीची वर्षं बरी गेली.

सांगायचं आहे ते जुलै २०२२ बद्दल. १९ तारखेला शेजारच्या लिंकनशायरमध्ये, कॉनिंग्जबीला पारा ४०.३ अंशांवर गेला. या देशात एवढी उष्णता आजवर नोंदलेली नव्हती. त्याच रात्री आमच्या मोठ्या डीप फ्रीझरचा कॉम्प्रेसर बसला. सकाळी झाकण उघडलं तर पिंकी, फझी, वीनर, जम्बो, म्हणजे सापांना घालायचे लहानापासून मोठ्यापर्यंतचे गोठवलेले उंदीर, सगळा माल मऊ पडलेला आणि पिशव्यांच्या तळाशी गुलाबी पाणी. वितळून गरम झालेला उंदीर पुन्हा गोठवायचा नसतो, त्यात जिवाणू वाढलेले असतात. आम्ही एकूण एक पिशवी नष्ट केली. विमा कंपनीने हात वर केले. आणि आमच्याच रस्त्यावर नव्याने उघडलेल्या दुकानाने गिऱ्हाइकांत पसरवलं की आम्ही तोच माल पुन्हा गोठवून विकतोय! नुकसान भरून निघालं, पण ते बोलणं मी विसरलेलो नाही. भागीदार त्याच हिवाळ्यात बाहेर पडला.

त्या दिवसांत आमच्यावर विश्वास ठेवला तो एका निवृत्त बसचालक बाईंनी. त्यांनी त्याच नव्या दुकानातून रॉयल पायथन घेतला होता, भारतात ज्याला बॉल पायथन म्हणतात तो. आधीच्या मालकाकडे तो जिवंत उंदरांवर वाढला होता, पण विकताना हे कुणी सांगितलंच नाही. "मी डक (me duck, इकडची लाडाची हाक), ह्याने ऑक्टोबरपासून काही खाल्लेलं नाही," बाई म्हणाल्या.

मी आधी त्याला काट्यावर ठेवलं. वजन फारसं उतरलं नव्हतं. ही जात हिवाळ्यात महिनोन् महिने उपाशी राहू शकते. वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर मात्र थेट डॉक्टर गाठावा. मग पेटी पाहिली. चारही बाजूंनी काच, लपायला एकच जागा. बिचकलेला साप खात नाही. दोन्ही टोकांना अंगाला घट्ट बसतील अशा लपणी दिल्या, गरम बाजू ३२ अंशांवर आणली, थंड बाजू २५ वर. आठवडाभर हात लावायचा नाही, असं बजावलं.

उंदीर रात्रभर फ्रीजमध्ये पिशवीतच वितळू द्यायचा, मग पिशवीसकट गरम पाण्यात. मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही, पोट फुटतं. शेवटी डोक्यावर थोडा हेअर ड्रायर, ४० अंशांच्या आसपास. या सापाच्या वरच्या ओठावर खळगे असतात, त्यांतून त्याला ऊब कळते. गार उंदीर त्याच्या लेखी दगड. चिमटा हातभर लांब आणि रबरी टोकाचा घ्या. स्टीलचं टोक झडपेच्या वेळी दातांना लागतं, तरी लोक तेच विकत घेतात.

पहिल्या संध्याकाळी त्याने जीभ हलवली आणि मागे सरकला. मग मी जर्बिल या उंदरासारख्या पाळीव प्राण्याच्या पिंजऱ्यातला वापरलेला भुसा उंदराला चोळला. पश्चिम आफ्रिकेतल्या मूळ घरी हे साप तसलेच रानउंदीर खातात. दिवे मालवले, लपणीच्या तोंडाशी उंदीर जरासा हलवला आणि स्थिर धरला. मान आखडून नागमोडी झाली. झडप, आणि दोन वेटोळी! बाईंनी माझा दंड धरला तो सोडेनात. नंतर दर खेपेला भुसा कमी करत नेला आणि पुढे बंदच केला.

बाईंनी ही हकीकत डॉनकास्टरच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मेळ्यात ज्याला त्याला ऐकवली. तिथून गिऱ्हाईक परत वळलं. त्या पैशातून दुसरा फ्रीझर घेतला, तापमान चढलं की फोनवर घंटा वाजते असा.

आता आम्ही साप विकतो तो गिऱ्हाइकासमोर वितळवलेला उंदीर खाल्ल्यावरच, वजनाच्या आणि खाण्याच्या नोंदवहीसकट. ते दुसरं दुकान अजूनही नोंद देत नाही. त्यांच्याकडचे उपाशी साप आमच्याच काट्यावर येतात, आणि सल्ल्याचे पैसे आम्ही त्यांच्या गिऱ्हाइकांकडूनही घेत नाही.