नागपुरात बसून अटलांटिक

एम.एस्सी. जिऑलॉजीच्या डेझर्टेशनला मी समुद्राच्या पाण्यातल्या निओडिमियमचा, म्हणजे कुठलं पाणी कुठून आलं याचा माग देणाऱ्या एका धातूचा, विषय घेतला, तेव्हा बाबांनी विचारलं, "काहून वं, नागपुरात बसून समुद्र मोजून राह्यली?" प्रश्न रास्त होता. पण आता या विषयाला जहाज लागतंच असं नाही. जिओट्रेसेस या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात जगभरच्या सफरींवर केलेली मोजमापं मोफत मिळतात. मी 2021 चा संच उतरवला आणि ओशन डेटा व्ह्यू हे सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकलं. तेही फुकटच.

सरांनी आधी खडक वाचायला लावले, हे बरं झालं. सॅमॅरियम-147 चा क्षय होऊन निओडिमियम-143 तयार होतं. अर्धायुष्य तब्बल 10,600 कोटी वर्षं. जुन्या खंडीय खडकांत निओडिमियमच्या मानाने सॅमॅरियम कमी, म्हणून निओडिमियम-143 चं निओडिमियम-144 शी असलेलं प्रमाणही कमी राहतं. हे प्रमाण उल्कांवरून ठरवलेल्या प्रमाणापेक्षा दहा हजारांत कितीने वेगळं, ते एप्सिलॉनमध्ये सांगतात. कॅनडा-ग्रीनलंडच्या पुरातन खडकांशेजारून निघालेलं उत्तर अटलांटिकचं खोल पाणी उणे 13 च्या आसपास येतं. ज्वालामुखींनी वेढलेल्या पॅसिफिकचं उणे 4 ते शून्य. दक्षिण महासागराचं मधलं, उणे 8-9. लिटरभर पाण्यात निओडिमियम असतं जेमतेम काही नॅनोग्रॅम, म्हणून एकेका नमुन्याला पाच-दहा लिटर पाणी गाळावं लागतं. हे वाचलं आणि आयती आकडेवारी वापरण्याचा संकोच गेला.

खरं काम त्यानंतरचं. आधी दर्जाचे कोड बघून संशयास्पद नोंदी वगळल्या. मग क्षारता आणि एप्सिलॉन यांचा आलेख. मला सरळ रेषा हवी होती, निघाली वाकडी. कारण दक्षिणेकडून येणाऱ्या तळच्या पाण्यात निओडिमियम जास्त असतं, त्यामुळे मिश्रणात त्याचं पारडं जड होतं. नुसत्या एप्सिलॉनची सरासरी काढून पाण्याचा वाटा ठरवता येत नाही, संहतीही, म्हणजे त्या पाण्यात निओडिमियम किती आहे तेही, धरावी लागते. तरीही खंडांच्या उतारालगतचे काही बिंदू वक्रावर बसेनात. तिथे तळाचा गाळ पाण्याशी निओडिमियमची देवाणघेवाण करतो. ते बिंदू मी काढून टाकले नाहीत, वेगळ्या रंगात ठेवले. माझ्या मते प्रबंधातला तोच सर्वांत कामाचा भाग.

त्या सॉफ्टवेअरमध्ये छेदाचे, म्हणजे समुद्राच्या उभ्या कापाचे, रंगीत नकाशे फार देखणे निघतात. त्यांच्यावर माझा भरवसा नाही. दोन ठिकाणांमध्ये हजार किलोमीटर अंतर असलं तरी ते मधली जागा झोकात रंगवून मोकळं होतं! मी प्रत्येक नकाशावर मोजमापाचे ठिपके दाखवले.

व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, क्षारता असताना हा खटाटोप कशाला? म्हटलं, हजारो वर्षांपूर्वीच्या पाण्याची क्षारता थेट मोजायला कुठे उरते? निओडिमियम माशांच्या दातांत, सूक्ष्म कवचांवरच्या लेपात टिकून राहतं.

"आणि आपल्या नाग नदीचं?"

नाग, कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी, अशी वाट सांगितली. पश्चिमेचा बेसॉल्ट आणि पूर्वेचा जुना नाइस खडक, दोन्हींची सही त्यात मिसळते.

"मग बंगालच्या उपसागरात ती ओळखू येईल?"

"नदीमुखाजवळ शोधता येईल, सर. पुढे गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळच वरचढ ठरतो."

त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.