चौसष्ट इंच पाच सूत

डायनिंग टेबलावर फळी ठेवून भोक पाडायला घेतलं आणि ड्रिल फळीतून थेट सनमायकात उतरलं. त्या संध्याकाळी घरात एकमतानं ठरलं की माझी हत्यारं आणि मी, दोघांनीही यापुढे गॅरेजात राहायचं.

मग गॅरेजात स्वतःचं कामाचं टेबल करायला घेतलं. नाशकात लाकडाला तोटा नाही. अंबड एमआयडीसीत यंत्रं येतात ती पाइनच्या खोक्यांतून, आणि मग ती खोकी भंगारात. घेताना फळीवरचा शिक्का बघायचा. गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह आणि शेजारी ‘एचटी’, म्हणजे लाकूड पार गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवलेलं. ‘एमबी’ असेल तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. ते तिथंच सोडायचं. खिळे उपसण्यात माझा एक अख्खा रविवार गेला. पिळाचे खिळे ते, लाकडात मुरलेले. निघताना असे किंचाळतात की शेजारच्या आजी दोनदा डोकावून गेल्या.

उंची ३३ इंच घेतली. सरळ उभं राहून हात सैल सोडले की मनगट येतं तिथं. खरी हुशारी टेबलाच्या पायांत असते. आडवी पट्टी पायाला नुसती बोल्टनं टांगली तर सगळा भार बोल्टावर येतो आणि वर्षभरात टेबल डुगडुगायला लागतं. म्हणून पायात खाच पाडून पट्टी त्या खाचेवर बसवली. भार लाकडानं लाकडावर पेलायचा, बोल्टनं फक्त धरून ठेवायचं. वर १८ एमएमचे दोन प्लाय, एकावर एक. पाच बाय दोन फूट. कर्ण सारखे आले तर टेबल काटकोनात, म्हणून ते मोजले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन्हीकडून चौसष्ट इंच पाच सूत! ते पाच सूत मी घरात प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगितले.

मग टेबलावर पेन्सिल ठेवली. ती गडगडत दाराकडे गेली आणि खाली पडली. टेबल काटकोनात होतं हो, गॅरेजच्या फरशीलाच पाणी जायला उतार! दोन पायांखाली पाचरी सारल्या.

पुढच्या आठवड्यात दाराची चौकट फुगली म्हणून मिस्त्री आले. त्यांनी टेबलाला दोन्ही हातांनी हिसका देऊन बघितला. “हत्ती बसवा साहेब यावर.”

“मग यावरच घ्या की काम.”

“नको. उभ्यानं कंबर जाते.”

लहानपणी आमच्या ओसरीवर महिनाभर कपाटाचं काम चाललं होतं, तेव्हाचा सुतारही असाच बसायचा. जमीन हेच त्याचं टेबल आणि पाऊल हाच शिकंजा. अंगठा आणि शेजारचं बोट यांत तो पट्टी अशी पकडायचा की रंधा फिरताना ती सुतभर हलत नसे.

मिस्त्रींनी डबा आणि मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला, चपला काढल्या, फरशीवर मांडी ठोकली आणि पट्टी तळव्याखाली दाबली.

“साहेब, तेवढं ते टोक धरता का?”

मी खाली बसलो.