मॅनिफोल्ड निवडण्याआधी इंजिन कुठे फिरते ते पाहावे

माझ्या १६०० सीसीच्या चार सिलिंडर इंजिनावर मी पहिल्यांदा इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा नळ्यांचा भाग) बदलला तेव्हा निवडीचा निकष एकच होता: जास्तीत जास्त हवा. रनर (प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्या) आखूड, आतून ४२ मिमी व्यासाचे, आणि प्लेनम (या नळ्या जिला जोडलेल्या असतात ती हवेची पेटी) मोठा, असा वेल्डिंग करून बनवलेला अॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड मी बसवला. ६५०० आरपीएमच्या (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) वर इंजिन थोडे मोकळे झाले हे खरे, पण ३००० ते ५००० या पट्ट्यातला ओढा, म्हणजे गाडी ओढण्याचा जोर, इतका कमी झाला की वळणातून बाहेर पडताना प्रत्येक वेळी एक गिअर खाली यावे लागे. वस्तू सदोष नव्हती. ती वेगळ्या इंजिनासाठी योग्य होती.

त्यानंतर मी जे करायला हवे होते ते केले, म्हणजे ईसीयूमधून (इंजिन चालवणाऱ्या संगणकातून) आरपीएमची नोंद काढली. ट्रॅकवरच्या पूर्ण फेऱ्यांमध्येसुद्धा इंजिनाचा बहुतांश वेळ ४००० ते ५५०० या पट्ट्यात जात होता आणि ६५०० च्या वर ते प्रत्येक फेरीत काही सेकंदच टिकत होते. शिवाय व्हॉल्व्ह केव्हा आणि किती वेळ उघडायचे हे ठरवणारा कॅमशाफ्ट (थोडक्यात कॅम) कारखान्यातला मूळचाच होता, त्यामुळे त्या उंचीवर व्हॉल्व्हच पुरेसा वेळ उघडे राहत नव्हते. कॅम जिथे श्वास घेऊ देत नाही तिथे काम करणारा मॅनिफोल्ड बसवून काहीही साधत नाही. म्हणून माझे मत असे झाले आहे की मॅनिफोल्डची निवड कॅटलॉगपासून सुरू करू नये. ती आरपीएमच्या नोंदीपासून आणि कॅमच्या वेळापत्रकापासून सुरू करावी.

रनरच्या लांबीचे महत्त्व समजण्यासाठी आतली हवा लाटांच्या रूपात कशी वागते ते पाहावे लागते. पिस्टन खाली जाऊ लागला की व्हॉल्व्हपाशी दाब कमी होतो, आणि कमी दाबाची ही लाट ध्वनीच्या वेगाने रनरमधून प्लेनमकडे धावते. प्लेनमच्या मोकळ्या तोंडाशी ती उलटून जास्त दाबाची लाट बनते आणि व्हॉल्व्हकडे परतते. पिस्टन वर यायला लागला असूनही व्हॉल्व्ह अजून बंद झालेला नाही, अशा नेमक्या क्षणी ही लाट पोहोचली, तर ती सिलिंडरमध्ये थोडी अधिक हवा दाबून बसवते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला, तर व्हॉल्व्हपासून प्लेनमपर्यंत ३५० मिमी असलेल्या वाटेवर जाऊन येण्यास लाटेला सुमारे २ मिलिसेकंद लागतात. ६००० आरपीएमला क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो, म्हणजे तेवढ्या वेळात सुमारे ७३ अंश. ३००० आरपीएमला मात्र निम्मेच. लाटेचा वेळ तोच राहतो आणि इंजिनाचा बदलतो, म्हणून कमी आरपीएमला साथ हवी असेल तर वाट लांब करावी लागते. प्रत्यक्षात लाट अनेकदा ये-जा करते आणि त्यांतली कोणती फेरी उपयोगी पडेल हे व्हॉल्व्हच्या वेळांवर ठरते, त्यामुळे वेगवेगळी सूत्रे वेगवेगळी लांबी सांगतात. मी सूत्राचा उपयोग दिशा ठरवण्यापुरताच करतो.

या तत्त्वाचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण १९६० च्या क्रायस्लर ३००एफ या गाडीचे आहे. तिच्या व्ही-८ (व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांच्या) इंजिनावर सुमारे ७६० मिमी, म्हणजे ३० इंच लांबीचे रनर होते आणि ते इंजिनाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे आडवे गेलेले होते. ज्यांना वरच्या आरपीएमला ताकद हवी होती त्यांच्यासाठी बाहेरून जवळजवळ तसाच दिसणारा दुसरा मॅनिफोल्ड होता, पण त्यात शेजारच्या रनरांमधली आतली भिंत कापून प्रभावी लांबी निम्मी, म्हणजे १५ इंच केलेली होती. बाहेरचा आकार न बदलता केवळ आतली भिंत कुठे संपते यावर इंजिनाचा स्वभाव बदलतो, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा सापडणे कठीण आहे. पुढे माझदाने ७८७बी या गाडीत चालू इंजिनावरच रनरची लांबी सलग बदलणारी यंत्रणा वापरली, आणि त्या गाडीने १९९१ ची ल माँ शर्यत जिंकली. आपल्यासारख्यांना मात्र एकच लांबी निवडायची असते आणि ती विचारपूर्वक निवडावी लागते.

लांबीइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, विचार व्यासाचा करायला हवा असे मला वाटते, कारण चूक बहुधा तिथेच होते. माझ्या इंजिनाचा एक सिलिंडर ४०० सीसीचा आहे. ६००० आरपीएमला पिस्टनचा खाली येण्याचा प्रवास ५ मिलिसेकंदांत संपतो. तेवढ्या वेळात ४०० सीसी हवा ३६ मिमीच्या रनरमधून जायची तर तिचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ७९ मीटर येतो. ४२ मिमीच्या रनरमधून तो ५८ मीटरवर उतरतो. व्यासातला ६ मिमीचा फरक डोळ्यांना किरकोळ वाटतो, पण छेदाचे क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढते. ४००० आरपीएमला हेच वेग अनुक्रमे ५२ आणि ३९ मीटर होतात. वेगाने धावणाऱ्या हवेत स्वतःचा जोर असतो आणि पिस्टन वळल्यावरही ती आत शिरत राहते. मंदावलेल्या हवेत तो जोर उरत नाही, आणि व्हॉल्व्ह बंद होण्याआधी ती उलट दिशेला ढकलली जाते. माझा हरवलेला ओढा इथे गेला होता.

कार्ब्युरेटरच्या (हवेच्या ओढीने इंधन मिसळणाऱ्या जुन्या यंत्राच्या) व्ही-८ इंजिनांवर हाच निर्णय ड्युअल प्लेन की सिंगल प्लेन या रूपात समोर येतो. ड्युअल प्लेनमध्ये प्लेनम दोन भागांत विभागलेला असतो आणि एकापाठोपाठ पेटणारे सिलिंडर आळीपाळीने वेगळ्या भागातून हवा घेतात, त्यामुळे एकाचे ओढणे दुसऱ्याच्या आड येत नाही आणि खालच्या आरपीएमला कार्ब्युरेटरला स्वच्छ संकेत मिळतो. सिंगल प्लेनमध्ये सर्व रनर सरळ आणि आखूड असून एकाच मोकळ्या प्लेनममध्ये उघडतात. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी मी पहिल्याचीच निवड करेन. ड्युअल प्लेनमधली मधली भिंत २० मिमी कापण्याची प्रथा आहे. त्याने वरच्या आरपीएमला थोडे मिळते आणि खाली थोडे जाते. कापलेली भिंत परत येत नाही, म्हणून आधी कार्ब्युरेटरखाली मोकळा स्पेसर (मध्ये बसवायचा जाड तुकडा) घालून पाहणे शहाणपणाचे ठरते.

मी अखेर कारखान्यातला मूळ ओतीव मॅनिफोल्ड परत काढला आणि त्याच्यावरच काम केले. पहिली सुधारणा रनरच्या तोंडाशी केली. प्लेनमच्या बाजूची कडा धारदार असेल तर हवा कडेपासून सुटते आणि वेगातून मिळणाऱ्या दाबाच्या सुमारे निम्मा भाग तिथेच वाया जातो. तीच कडा नीट गोलावली तर हा तोटा चार-पाच टक्क्यांवर येतो. या एका कामाला जेवढे मोल आहे तेवढे संपूर्ण रनर आरशासारखा घासण्याला नाही. इंधन फवारणारे इंजेक्टर हेडच्या (सिलिंडरांवरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाच्या) जवळ असल्यामुळे रनरचा बहुतेक भाग कोरडाच असतो, तिथे ओतकामाच्या शिवणी आणि उंचवटे काढून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने शेवट केला की पुरे.

दुसरे काम हेडशी होणाऱ्या सांध्याचे. गॅस्केटलाच (सांध्यात बसणाऱ्या पातळ पट्टीलाच) साचा मानून दोन्ही बाजू उघडत जाण्याची पद्धत मला मान्य नाही, कारण गॅस्केटचे भोक बहुतेक वेळा पोर्टपेक्षा (हेडमधल्या हवेच्या वाटेपेक्षा) मोठे असते. त्याऐवजी हेडच्या मुखावर मार्किंगची निळी शाई पातळ लावून मॅनिफोल्ड कोरडाच दाबून पाहिला, तेव्हा तिसऱ्या रनरची खालची कडा पोर्टच्या बाहेर सुमारे दीड मिमी गेलेली आढळली. म्हणजे हवा हेडच्या उघड्या पायरीवर सरळ आदळत होती. उलट पायरी, म्हणजे मॅनिफोल्डचे तोंड पोर्टपेक्षा किंचित लहान असणे, फारसे त्रासदायक नसते. ते परतीच्या हवेला थोडे अडवतेदेखील. बोल्टच्या भोकांत ढिलाई असते, म्हणून जुळणी प्रत्येक वेळी तशीच यावी यासाठी दोन डॉवेल पिना (जागा पक्की करणाऱ्या खुंट्या) बसवून घेतल्या आणि मगच घासकाम केले. त्याआधी कॅलिपरने भिंतीची जाडी मोजणे अत्यावश्यक आहे. माझ्या ओतकामात एका बाजूला ४ मिमी तर समोरच्या बाजूला अडीच मिमीच भिंत होती, आणि ज्या बाजूला मी निःशंकपणे घासले असते तीच नेमकी पातळ निघाली.

अॅल्युमिनियमसाठी रुंद दातांचा बर (घासणारे फिरते अवजार) वापरावा आणि त्याला अधूनमधून मेण लावावे, नाहीतर दात लगेच भरतात. काम संपल्यावर गरम साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने प्रत्येक वाट, इंजेक्टरची भोके आणि व्हॅक्यूमच्या बारीक नळ्याही धुऊन घ्याव्यात, कारण एक राहिलेला कीस सिलिंडरच्या भिंतीवर कायमची ओरखड उमटवू शकतो. हेड आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये उष्णता रोखणारा फिनॉलिक स्पेसर घातला. २७ अंशांच्या आसपास हवेचे तापमान ३ अंशांनी वाढले तरी घनता सुमारे एक टक्का घटते. या स्पेसरमुळे व्हॉल्व्हपासूनची वाटही १० मिमीने वाढली, जी मला हवीच होती.

बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, दोन टप्प्यांत, ठरलेल्या टॉर्कने आवळल्यावर मी धुराची चाचणी केली. ब्रेक बूस्टरच्या नळीच्या बुडाशी बारीक गळती निघाली. ती राहिली असती तर आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) वरखाली होत राहिले असते आणि मी दोष इंधनाच्या नकाशात (कोणत्या आरपीएमला किती इंधन द्यायचे या ईसीयूतल्या तक्त्यात) शोधत बसलो असतो. नकाशा तरीही पुन्हा जुळवावाच लागला, कारण ४००० ते ५२०० आरपीएमच्या रकान्यांत मिश्रण आधीपेक्षा पातळ दाखवू लागले होते. म्हणजे त्या पट्ट्यात हवा जास्त जात होती. चौथ्या सिलिंडरचा स्पार्क प्लग मात्र अजून बाकीच्यांपेक्षा किंचित फिका निघतो. थ्रॉटल बॉडी (आत येणारी हवा नियंत्रित करणारी झडप) प्लेनमच्या एका टोकाला असल्यामुळे दूरच्या टोकाकडे हवा अधिक जमा होत असावी असा माझा अंदाज आहे, आणि पुढच्या वेळी प्लेनम उघडेन तेव्हा त्या टोकाच्या आकारावर काम करायचे ठरवले आहे.