तुम्ही विचारलंत म्हणून: नुसती शिल्लक का ठेवत नाही?

पणजीत भेटणारे प्रोग्रामर विचारतात, संस्थेचे संचालकही विचारतात. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजू खरेदी करणाऱ्या एका सहकारी संस्थेचं सॉफ्टवेअर मी लिहिते. तिला प्रत्येक घटना (वजन घेतलं, वजन दुरुस्त केलं) कायमची साठवून तिच्यावरून देणं काढायची काय गरज? बिलाची एक ओळ, तिच्यात वजन, दर आणि देणं. काही बदललं की ओळ बदला, काम झालं. वर 'हे मोठ्या कंपन्यांचं खूळ' ही पुस्ती असतेच. सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी या पद्धतीवर, म्हणजे 'इव्हेंट सोर्सिंग'वर, २००५ साली लिहिलं, ते मी वाचलं आहे. पण केलेली नोंद खोडायची नाही, चुकली तर उलट नोंद घालायची, हा नियम संस्थेचा कारकून वहीत पाळतच होता. कॉम्प्युटर आला आणि तो सुटला. मला वाईट वाटतं ते याचं.

आधीचं सॉफ्टवेअर तुमच्या मनासारखंच होतं, एका बिलाला एक ओळ. मे महिन्यात, हंगाम संपत आलेला असताना, एक वयस्क बागायतदार पावती घेऊन आले. पावतीवर ८४ किलो, कॉम्प्युटरात ४८. बियांचे पैसे कमी मिळाले होतेच, शिवाय आधारभूत किमतीचा सरकारी फरक बिलावरून मिळतो, तोही कमी येणार होता. "म्हजे पयशे खंय गेले?" एवढंच ते परत परत विचारत होते. खिडकीवर बसणाऱ्या मुलीकडे सगळे बघायला लागले. डेटाबेस तपासायला मला बोलावणं आलं.

ओळीत शेवटच्या बदलाची वेळ साठवलेली होती. तिच्यावर माझी सगळी भिस्त होती. पण मधे दर वाढला तेव्हा मागच्या बिलांना फरक देण्यासाठी सगळ्या ओळींवर एकच अपडेट चालवला गेला होता. त्यामुळे हंगामातल्या प्रत्येक बिलाची शेवटची वेळ एकच झाली होती, तोच दिवस, तोच सेकंद. त्याआधी त्या ओळीला कुणी हात लावला होता का, ४८ पहिल्यापासून होते की मागाहून झाले, काही म्हणजे काही कळेना. बॅकअप रोज आदल्या दिवशीच्याच फाइलवर घेतला जायचा. लॉगिन सगळ्यांना मिळून एक. ती मुलगी माझ्या खुर्चीमागे उभी होती. म्हणाली, "ताई, काही लिहिलेलंच नाही, तर मी खरी हे दाखवू कशी?"

अंक उलटे पडले असणार, हे कुणालाही दिसत होतं. हात चुकला की कुणी मुद्दाम केलं, ते दिसत नव्हतं. समितीने बागायतदारांना पैसे दिले आणि तेवढे तिच्या पगारातून कापले. पुढच्या हंगामाला ती आली नाही. तिने काही घेतलं हे सिद्ध झालं नाही, घेतलं नाही हेही नाही. लहान गावात अशा वेळी मुलीच्या नावामागे काय चिकटतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

'मग ऑडिट टेबल ठेवा की, बदलांची नोंद ठेवणारं वेगळं टेबल!' तेव्हा मीही हेच म्हणत होते. ट्रिगर लावा, म्हणजे ओळ बदलली की डेटाबेस आपोआप जुना आकडा बाजूला टाकेल. आज मी त्या तेव्हाच्या माझ्याशी भांडते. ऑडिट टेबलावर कुणाचंच काम अडत नाही. मोठ्या अपडेटसाठी ट्रिगर बंद केला आणि परत चालू करायचा राहिला, तर पैशात काहीच फरक दिसत नाही, म्हणून कुणाला पत्ताही लागत नाही. देणं घटनांवरूनच काढलं जात असेल, तर राहून गेलेली नोंद पैशातच दिसते आणि माणूस दारात येऊन उभा राहतो. शिवाय ट्रिगर एवढंच सांगतो की ८४ चे ४८ झाले. मला हवं असतं ते 'काटा परत तपासला', 'बी ओली म्हणून घट धरली', 'टंकताना चूक झाली'. तिन्हींत आकडा सारखाच बदलतो, पण तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

तेव्हाची मी उलट विचारते: लॉगिन एकच होतं, मग तुझ्या घटनांनी तरी त्या मुलीला वाचवलं असतं का? सांगता येत नाही. नाव 'खिडकी' एवढंच आलं असतं. वेळ कळली असती, आणि त्या वेळी ती जागेवर होती की नाही हे कुणाला तरी आठवलं असतं. कदाचित. आता प्रत्येकाला वेगळा पिन आहे, पण गर्दीच्या दिवशी तो एकमेकांना सांगितला जातो, हेही मला ठाऊक आहे.

त्रास आहेच. पोस्टग्रेस या माझ्या डेटाबेसमध्ये घटनेला अनुक्रमांक आधी मिळतो, कमिट, म्हणजे नोंद पक्की होणं, नंतर होतं. त्यामुळे कधी ५०२ आधी दिसतो आणि ५०१ मागून येतो. घटना मागाहून वाचून तयार होणारी यादी '५०२ पर्यंत वाचलं' असं धरून पुढे गेली, तर ५०१ ला कायमची मुकते. म्हणून कुणाचं किती देणं आहे ती यादी मी घटनेबरोबर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये बदलते, म्हणजे दोन्ही एकदमच पक्कं होतं. यादी मागाहून वेगळी बदलावी, असं म्हणत जाणकार नाक मुरडतात. मुरडू देत. बागायतदार समोर उभा असताना 'थोड्या वेळाने दिसेल' असं त्याला सांगायला मी कुणाला लावणार नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती पुसून मागायचा हक्क दिला आहे, आणि माझ्या घटनांच्या टेबलावर अपडेट-डिलीटची परवानगीच नाही. तेव्हा नाव, फोन, बँक खातं हे साध्या टेबलात असतं आणि घटनेत फक्त सभासद क्रमांक. म्हणजे तुमची बदलता येणारी ओळ मीही वापरते. कुणाचा फोन नंबर कितीदा बदलला, याचा इतिहास मला नको आहे.

सगळ्यात अवघड जातात त्या जुन्या घटना. सुरुवातीच्या 'वजन घेतलं' या घटनेत ओलाव्याची वेगळी नोंद नव्हती, आता आहे. जुन्या घटना वाचताना ओलावा शून्य धरायचा की 'माहीत नाही' म्हणायचं? शून्य धरलं तर तक्ते भरतात, पण जे कुणी मोजलंच नाही ते मोजलं होतं, असं मी म्हटल्यासारखं होतं. सध्या मी 'माहीत नाही' ठेवलं आहे, आणि दर लेखापरीक्षणाच्या आधी सचिवबाब त्या रिकाम्या रकान्यावरून माझ्याशी वाद घालतात. लेखापरीक्षकांच्या प्रश्नांना उत्तर त्यांना द्यावं लागतं, मला नाही, हे त्यांचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही.