मेल मर्जची यादी सापडत नाही तेव्हा

मेल मर्ज म्हणजे यादीतली नावं एकाच मजकुरात आपोआप भरण्याची वर्डची सोय. तशी केलेली शाळेच्या प्रमाणपत्रांची वर्डमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि ‘डेटा सोर्स (म्हणजे यादी) सापडत नाही’ असा संदेश आला. विद्यार्थ्यांची एक्सेल यादी शेजारच्याच फोल्डरमध्ये होती. असं का होतं, ते आधी समजून घ्यायला हवं. वर्ड यादीतली माहिती स्वतःकडे साठवत नाही, यादीचा ड्राइव्हच्या अक्षरासकट पूर्ण पत्ता साठवतो. पेन ड्राइव्ह जुन्या संगणकावर ‘ई’ होता, नव्यावर ‘एफ’ झाला. तेवढ्यानेच दुवा तुटला.

बहुतेक जण इथे लगेच ‘फाइंड डेटा सोर्स’ दाबून यादी पुन्हा जोडतात. मी ते शेवटी करतो. यादी नव्याने जोडली की आधी लावलेली गाळणी (फिल्टर), क्रम आणि खुणा काढून वगळलेली नावं जातात. फक्त सातवीची प्रमाणपत्रं छापायची होती आणि निघाली सगळ्या शाळेची, तर कागद आणि शाई दोन्ही वाया.

म्हणून आधी जुना पत्ता वाचायचा. तो त्या संदेशातच दिलेला असतो, तो लिहून घ्यायचा. मग यादी हुबेहूब त्याच ठिकाणी ठेवायची. जुन्या अक्षराचा ड्राइव्हच नसेल, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या विंडोजच्या खिडकीत) इंग्रजीत ‘सब्स्ट’ (subst) लिहून, एक जागा सोडून ‘ई’ (E) आणि कोलन (:), पुन्हा जागा सोडून फोल्डरचा पत्ता द्यायचा. तो फोल्डर ‘ई’ ड्राइव्ह म्हणून दिसू लागतो. प्रॉम्प्ट साधाच उघडा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलात तर हा ड्राइव्ह वर्डला दिसत नाही. संगणक बंद करून सुरू केला की ही सोय नाहीशी होते, पण तोवर छपाई उरकते.

फाइल उघडताना वर्ड एसक्यूएल कमांड (यादीतून माहिती उचलण्याची आज्ञा) चालवू का, असं विचारतो. तिथे ‘नो’ दाबलं तर दस्तऐवज यादीशिवाय उघडतो आणि वाटतं की यादी हरवली. फाइल बंद करून पुन्हा उघडा, ‘येस’ दाबा. त्याच खिडकीत शीटचं नावही दिसतं. कोणी एक्सेलमध्ये शीटचं नाव बदललं असेल, तर यादी जागेवर असूनही जोडणी होत नाही. नाव पूर्ववत करा. एक्सटेन्शन (फाइलच्या नावाच्या शेवटचं ‘.xlsx’) लपवलेलं असताना नाव बदलताना ते दोनदा लागलेलं असणं हीसुद्धा नेहमीची चूक.

यातलं काहीच लागू पडलं नाही तरच मेलिंग्ज, सिलेक्ट रेसिपियंट्स, यूज ॲन एक्झिस्टिंग लिस्ट या वाटेने जा. गाळणी पुन्हा लावा. स्तंभांची शीर्षकं बदलली असतील तर ‘इनव्हॅलिड मर्ज फील्ड’ येतं. ऑल्ट आणि एफ९ दाबून फील्डची (यादीतली माहिती जिथे भरली जाते त्या जागांची) नावं शीर्षकांशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. शीर्षकातल्या मोकळ्या जागेऐवजी वर्ड अधोरेघ घालतो, त्यामुळे ‘पालकांचे नाव’ तिथे ‘पालकांचे_नाव’ असं दिसेल. ते बरोबर आहे.

छपाईआधी ऑल्ट, शिफ्ट आणि के एकदम दाबून चाचणी मर्ज करा आणि यादीतल्या नोंदी मोजा. फोटोही जोडले असतील तर मर्ज झालेल्या दस्तऐवजात कंट्रोल ए, मग एफ९. नाहीतर प्रत्येक प्रमाणपत्रावर पहिल्याच मुलाचा फोटो राहू शकतो.