व्हरमाँटची तीन मते

अमेरिकेतील निवडणुकीचे निकाल पाहण्यासाठी पहाटे उठणाऱ्यांना व्हरमाँट ठाऊक असते. तिथले मतदान आपल्या घड्याळात साडेपाचला संपते आणि चहाला उकळी फुटायच्या आत नकाशावरचा तो चिमुकला तुकडा निळा, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचा, होतो. राष्ट्राध्यक्ष निवडणारी, राज्याच्या वाट्याची इलेक्टोरल मते जेमतेम तीन, त्यामुळे त्याची चर्चा कोणी करत नाही. मला मात्र त्याचेच नवल वाटते, कारण १८५६ ते १९६० या काळातील सलग २७ निवडणुकांत या राज्याने रिपब्लिकन उमेदवारालाच कौल दिला होता.

हा निव्वळ हट्ट नव्हता. प्रौढांच्या गुलामगिरीला मनाई करणारी राज्यघटना व्हरमाँटने १७७७ मध्येच स्वीकारली होती. तेव्हा गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करत १८५४ मध्ये उभा राहिलेला रिपब्लिकन पक्ष तिथल्या लोकांना घरचाच वाटला, यात नवल नाही. पुढे ही निष्ठा वारशाने चालत आली. १९१२ मध्ये रिपब्लिकन उमेदवार टाफ्ट यांना साऱ्या देशात दोनच राज्ये मिळाली, यूटा आणि व्हरमाँट. १९२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग वारले तेव्हा उपाध्यक्ष कूलिज व्हरमाँटमधल्या आपल्या जन्मगावी, प्लिमथ नॉचला होते. नोटरी असलेल्या वडिलांनीच रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, पहाटे पावणेतीनच्या सुमारास, त्यांना राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली. १९३६ मध्ये डेमोक्रॅट रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली, तेव्हा उरलेली दोन मेन आणि व्हरमाँट होती. 'जिकडे मेन, तिकडे देश' असे पूर्वी म्हटले जाई. रूझवेल्ट यांचे प्रचारप्रमुख जिम फार्ली यांनी ते 'जिकडे मेन, तिकडे व्हरमाँट' असे करून टाकले.

१९६४ मध्ये रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांना नाकारून व्हरमाँटने ही परंपरा प्रथमच मोडली. त्यानंतर १९८८ पर्यंत ते पुन्हा रिपब्लिकनांकडे राहिले. १९९२ पासून मात्र ते सातत्याने डेमोक्रॅटिक आहे. नवे महामार्ग झाल्यावर न्यूयॉर्ककडून येऊन वसलेल्यांनी राज्याचा रंग बदलला, असे सांगितले जाते. ते खरेच आहे, पण एवढ्यावर भागवणे मला पटत नाही. रिपब्लिकन पक्षाचा गुरुत्वमध्यच दक्षिणेकडे सरकला होता, आणि २००१ मध्ये इथले सिनेटर जेफर्ड्स यांनी पक्ष सोडला तेव्हा बदललो आपण नसून पक्ष, असाच त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

त्याची एक खूण २०२४ मध्येही दिसली. डेमोक्रॅटिक उमेदवार हॅरिस यांना भरघोस मते देणाऱ्या याच मतदारांनी त्याच दिवशी रिपब्लिकन गव्हर्नर फिल स्कॉट यांना ७० टक्क्यांहून अधिक मते देऊन पुन्हा निवडून दिले. आणि हॅरिस यांना मत दिल्याचे खुद्द स्कॉट यांनीही सांगितले.