स्टॅटिस्टिक्स कच्चं आहे, मेडिकल रायटिंग जमेल का?

लिंक्डइनवर सतत कुणी ना कुणी विचारतं, मॅम मी बीफार्म केलंय, किंवा बीएएमएस, किंवा मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी, मेडिकल रायटिंगमध्ये यायचंय पण स्टॅटिस्टिक्स कच्चं आहे, जमेल का. आणि मी प्रत्येकाला मूड असेल तसं वेगळं उत्तर देते, ते काही बरोबर नाही. म्हणून एकदाच नीट लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक चिकटवली की झालं.

तर, फॉर्म्युले आले नाहीत तरी चालतं. टेबल मात्र वाचता आलंच पाहिजे, आणि टेबल वाचणं म्हणजे त्यातला मोठा आकडा उचलून वाक्यात घालणं नाही.

आमच्याकडे काम कसं येतं ते आधी सांगते. ट्रायल (औषधाची माणसांवरची चाचणी) संपते, डेटा मॅनेजमेंटवाले शेवटच्या क्वेरीज (डेटातल्या शंका) मिटवतात, डेटाबेस लॉक होतो, मग अनब्लाइंडिंग (कुणाला खरं औषध मिळालं ते उघड करणं), मग प्रोग्रॅमर मंडळी सॅस नावाच्या सॉफ्टवेअरमधून टेबलं-लिस्टिंग-ग्राफ काढतात आणि एका शुक्रवारी संध्याकाळी (शुक्रवारीच, का कुणास ठाऊक) शेकडो पानांचं बाड आमच्या अंगावर येतं. त्यातून सीएसआर लिहायचा, म्हणजे त्या ट्रायलचा पूर्ण रिपोर्ट जो पुढे रेग्युलेटरकडे, औषधाला परवानगी देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, जातो. त्याचा सांगाडा ठरलेला आहे, आयसीएच या औषध-नियमांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९९५ च्या ई-३ गाइडलाइनमधला, ११ व्या सेक्शनमध्ये औषधाचा गुण, १२ व्यात सेफ्टी, वगैरे. सांगाडा ठरलेला आहे म्हणून लोकांना वाटतं की रिकाम्या जागा भरा, झालं काम. आणि खरं सांगायचं तर पाट्या टाकणारे तसंच करतात.

आता उदाहरण. माझ्या स्वतःच्या प्रोजेक्टमधलं अवाक्षर इथे लिहिता येणार नाही, सगळं गोपनीयतेच्या करारात अडकलेलं असतं, त्यामुळे मी शिकवताना नेहमी छापून आलेली ट्रायल घेते. माझी आवडती म्हणजे रोटाव्हॅक, भारत बायोटेकची रोटाव्हायरसची तोंडावाटे द्यायची लस, तिची तिसऱ्या टप्प्याची ट्रायल. २०१४ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. दिल्ली, वेल्लोर आणि आपलं वढू अशा तीन ठिकाणी झाली. हो तेच वढू बुद्रुक, शिरूर तालुक्यातलं, संभाजी महाराजांच्या समाधीचं. तिथे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या रिसर्च सेंटरचं काम आहे. फील्डवरची माणसं दर आठवड्याला बाळांच्या घरी जाऊन चौकशी करायची, जुलाब झाले का, किती वेळा, उलटी, ताप. आम्ही एसीत बसून जे टेबल वाचतो ना, त्यातला एकेक आकडा असा कुणीतरी उंबऱ्यापर्यंत जाऊन आणलेला असतो.

एकूण ६,७९९ बाळं. त्यातली ४,५३२ लसीच्या गटात आणि २,२६७ प्लासिबोच्या (लस नसलेला, दिसायला तसाच डोस), म्हणजे दोनास एक अशी वाटणी. ही वाटणी डोक्यात ठेवा, इथेच सगळे घसरतात.

सीरियस अॅडव्हर्स इव्हेंट्सचं बघा, म्हणजे हॉस्पिटलात भरती व्हावं लागणं वगैरे गंभीर घटना, कारण लस असो वा नसो. लसीच्या गटात ९२५ बाळांना, प्लासिबोत ४९९. नुसतं असं लिहिलं तर वाचणारा म्हणणार बापरे, लस घेतलेल्यांत जवळजवळ दुप्पट! पण गटच मुळात दुप्पट मोठा आहे. ९२५ भागिले ४,५३२ म्हणजे साधारण २० टक्के, ४९९ भागिले २,२६७ म्हणजे २२ टक्के. चित्र उलटलं की नाही? आणि आता लगेच "लसीने सीरियस इव्हेंट्स कमी केले" असंही लिहू नका, कारण २० आणि २२ बद्दल नीट लिहायचं तर दोन्ही गटांत प्रमाण सारखंच होतं इतकंच लिहायचं. आमच्या टीममधला बायोस्टॅटवाला टेबल उघडलं की आधी तळटीप वाचतो, टक्केवारी कशावर काढलीय ते. रँडमाइझ झालेल्यांवर (चिठ्ठी टाकल्यासारखं गटांत वाटलेल्यांवर), का किमान एक डोस घेतलेल्यांवर, का प्रोटोकॉलप्रमाणे सगळं पार पाडलेल्यांवर. मला सुरुवातीला ते किरकिरेपणाचं वाटायचं. आता मीही तेच करते आणि ज्युनिअर मला किरकिरी म्हणतात.

आता मुख्य आकडा, ५३.६ टक्के. रोटाव्हायरसच्या गंभीर जुलाबांविरुद्ध लसीची एफिकसी, म्हणजे गुण. हा आला कुठून ते हाताने काढून बघा, कॅल्क्युलेटर पुरतो, सॅसबिस काही लागत नाही. लसीच्या गटात ७१ केसेस, ४,७५२ बालक-वर्षांत. प्लासिबोत ७६ केसेस, २,३६० बालक-वर्षांत. बालक-वर्ष म्हणजे एक बाळ पूर्ण वर्षभर ट्रायलमध्ये राहिलं तर एक, चार महिन्यांनी कुटुंब गाव सोडून गेलं तर एक तृतीयांश, जितका वेळ नजरेखाली होतं तितकंच मोजायचं. म्हणजे १०० बाळं वर्षभर बघितली तर प्लासिबोत ३.२ केसेस, लसीत १.५. दीड भागिले ३.२ करा, एकातून वजा करा, झाले ५३ आणि काहीतरी, सगळे दशांश धरले तर बरोब्बर ५३.६.

आणि आता ते वाक्य जे मी ट्रेनिंगला आलेल्यांच्या ड्राफ्टमध्ये इतक्या वेळा खोडलंय की लाल शाई संपावी: "लसीने ५३.६ टक्के बालकांचं संरक्षण केलं." नाही हो! प्लासिबोतल्या १०० पैकी ९६-९७ बाळांनाही वर्षभरात गंभीर रोटाव्हायरस झालाच नव्हता, त्यांचं संरक्षण कुणी केलं मग? ५३.६ टक्क्यांनी कमी झाला तो होण्याचा दर. वेगळ्या भाषेत, साधारण ५८ बाळांना वर्षभर लसीचं कवच असलं की एक गंभीर केस टळते. हे ऐकायला ५३.६ इतकं भारी वाटत नाही, पण भारतात दरवर्षी किती बाळं जन्माला येतात त्याचा विचार करा म्हणजे सरकारने २०१६ मध्ये ही लस सार्वत्रिक लसीकरणात का आणली ते कळेल. दोन्ही आकडे खरे आहेत, एक देऊन दुसरा गिळायचा ही मात्र लबाडी, मग ती मार्केटिंगने करो की लसविरोधकांनी.

"गंभीर" हा शब्दही आपल्या मनाचा नाही. वेसिकारी नावाचा २० गुणांचा स्कोअर आहे, त्यात ११ किंवा जास्त आले तर गंभीर. किती वेळा जुलाब, किती दिवस, उलट्या, ताप, डिहायड्रेशन असं सगळं जोडून. रिपोर्टमध्ये एकदा "गंभीर" आणि पुढच्या पानावर भाषेला शोभा म्हणून "तीव्र" किंवा "जोरदार" असं करायचं नाही, शाळेत निबंधात शब्द बदलून लिहायला शिकवलेलं असतं ते इथे पहिल्या दिवशी विसरायचं.

शिवाय ५३.६ एकटा कधीच चालत नाही, त्याच्याबरोबर ३५.० ते ६६.९ हा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे तो) आलाच पाहिजे. खालचं टोक ३५ आहे, म्हणजे कमीत कमी अंदाज धरला तरी फायदा आहे, पण अचूकता इतकी नाही की दशांशावर भांडावं. मग कुणीतरी म्हणतं युरोप-अमेरिकेत दुसऱ्या रोटा लसींचे आकडे ८५ च्या वर होते, आपली निम्मीच? ते आकडे तिकडच्या बाळांतले. त्याच परदेशी लसींपैकी रोटाटेक बांगलादेश आणि व्हिएतनाममध्ये तपासली तेव्हा ४८.३ टक्के आली होती. यावर लगेच छाती फुगवून "म्हणजे आपली ५३.६ वाली भारी" असं म्हणणारेही भेटतात, तेही चूक, कारण देश वेगळे, बाळांवर नजर ठेवल्याचा काळ वेगळा, ट्रायलच वेगळी. दोन वेगळ्या ट्रायल्समधले आकडे शेजारी ठेवून कोण जिंकलं हे ठरवत नाहीत.

सगळ्यात अवघड परिच्छेद मात्र वेगळाच होता, निदान मला वाचताना तसं वाटतं. इंटससेप्शन, म्हणजे आतड्यात आतडं शिरून अडकणं. रोटाशील्ड नावाची जुनी लस अमेरिकेत १९९८ मध्ये आली आणि याच कारणाने १९९९ मध्ये मागे घेतली, त्यामुळे नंतरच्या प्रत्येक रोटा लसीच्या रिपोर्टमध्ये रेग्युलेटर सगळ्यात आधी हेच शोधतो. रोटाव्हॅक ट्रायलमध्ये लसीच्या गटात ६, प्लासिबोत २, सगळ्या केसेस तिसऱ्या डोसनंतरच्या.

आता लिहा बघू वाक्य.

"तिप्पट" लिहिलं तर गेलात, छेद वेगळा आहे. ०.१३ टक्के विरुद्ध ०.०९ टक्के. "फरक नाही" लिहिलं तरी गेलात! कारण इतक्या थोड्या केसेसवर फरक आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही. आकडेशास्त्रातला एक घरगुती नियम आहे, एखादी गोष्ट ४,५०० लोकांत एकदाही दिसली नाही तरी ती १,५०० मागे एक इतकी असू शकते, ९५ टक्के खात्रीने त्याहून जास्त नाही एवढंच म्हणता येतं. तीनाला संख्येने भागायचं, बस. आणि रोटाशील्डचा धोका सहसा १०,००० बाळांमागे एकाच्या आसपास सांगतात. म्हणजे या आकाराच्या ट्रायलला तो दिसणारच नाही, दिसला नाही म्हणून नाही असं लिहिणं म्हणजे अंधारात चष्मा शोधून "घरात चष्मा नाही" म्हणण्यासारखं. म्हणूनच रोटाटेक आणि रोटारिक्स या परदेशी लसींच्या ट्रायल्समध्ये प्रत्येकी ६०,००० च्या वर बाळं घेतली होती, २००६ मध्ये दोन्ही छापून आल्या. भारतात पुढे लसीकरणात लस आल्यावर हॉस्पिटल्समधून लक्ष ठेवलं गेलं, त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, इंटससेप्शनशी संबंध आढळला नाही. पण २०१४ मध्ये रिपोर्ट लिहिणाऱ्याच्या हातात हे नव्हतं. त्याने लिहायचं ते इतकंच, ६ आणि २, छेदासकट, कुठल्या डोसनंतर, आणि एवढ्या आकाराची ट्रायल यावर निर्णय देऊ शकत नाही. कोरडं वाटतं ना? कोरडंच लिहायचं असतं.

स्टॅटवाल्यांशी आमची भांडणं साधारण इथेच होतात. स्पॉन्सरकडून, म्हणजे ट्रायलचा खर्च करणाऱ्या कंपनीकडून, कमेंट येते, जरा पॉझिटिव्ह करा ना. पी व्हॅल्यू ०.०७, म्हणजे नेहमीच्या ०.०५ च्या मर्यादेबाहेर, आलेली असते आणि कुणालातरी त्यात "ट्रेंड" दिसत असतो. अशा वेळी एसएपी उघडायचा, स्टॅटिस्टिकल अॅनालिसिस प्लॅन, जो अनब्लाइंडिंगच्या आधी सही होऊन बंद झालेला असतो, आयसीएचच्याच १९९८ च्या ई-९ गाइडलाइनमध्ये हे स्पष्ट आहे. त्यात जे ठरलंय तेच मुख्य. निकाल बघून मग एखादा सबग्रुप शोधला तर ते वरातीमागून घोडं, त्याला तसंच म्हणायचं, आणि ९.८ मध्ये नोंद करायची. ९.८ म्हणजे ई-३ मधला तो छोटासा सेक्शन जिथे ट्रायल चालू असताना काय काय बदललं ते लिहायचं असतं. कुणाचाही रिपोर्ट हातात आला की मी आधी तिथे जाते. २०१९ पासून एस्टिमँड (औषधाचा नेमका कोणता परिणाम मोजायचा ते आधीच काटेकोर ठरवणं) नावाचं नवीन प्रकरणही आलंय, त्यावर स्वतंत्र लिहीन कधीतरी, आज नको.

बरं, कोर्स करू का असंही विचारतात. लाख-दीड लाख घेऊन "क्लिनिकल रिसर्च डिप्लोमा" देणारे खूप झालेत, त्यातल्या बऱ्याच जणांकडून आलेल्या उमेदवारांना आयसीएचचे सगळे नंबर तोंडपाठ असतात आणि २,२६७ ने भाग द्यायचा हे सुचत नाही. सॅस शिकायचंय तर शिका, वाया जाणार नाही, पण रायटिंगसाठी आधी ते नको.

त्यापेक्षा फुकटातला अभ्यास सांगते. सीटीआरआयच्या साइटवर जा, भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही आहे ती, २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. जिचा पेपर छापून आलाय अशी कुठलीही ट्रायल निवडा. नोंदीतला प्रायमरी आउटकम (ट्रायलचं मुख्य मोजमाप) एका कागदावर उतरवा, शब्दशः, किती महिन्यांनी मोजणार होते त्यासकट. मग पेपरमधलं निकालाचं पहिलं वाक्य त्याच्या खाली लिहा. दोन्ही एकाच गोष्टीबद्दल आहेत का बघा, आणि नसतील तर पेपरमध्ये ते कुठे कबूल केलंय ते शोधा. असे आठ-दहा झाले की मला पाठवा, मी वाचते, उत्तराला उशीर होईल पण देते.